ऑनलाइन डी अँड डी साठी पैसे भरायचे का: आमच्या टेबलाच्या प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मार्च २०२३

१ जानेवारी २०२३, रविवार

नवीन वर्ष, नवीन वही. या वहीत एकाच गोष्टीचा निकाल लावायचाय. डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत मिळून गोष्ट रचायचा खेळ. आपलं त्याचं ऑनलाइन टेबल, म्हणजे खेळणारा ग्रुप, फुकटच्या टूलवर चालवत राहायचं का कशाचं तरी सबस्क्रिप्शन घ्यायचं, आणि घ्यायचं तर कशाचं. गुढीपाडव्यापर्यंत ठरवायचं, कारण तेव्हा किल्ल्याचा भाग सुरू होणार.

आत्ताची परिस्थिती लिहून ठेवतो. मी साताऱ्यात, डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, गोष्ट रचून खेळ चालवणारा. खेळाडू पाच जण, मावसभाऊ आणि वहिनी पुण्यात, एक मैत्रीण ठाण्यात, एक मित्र लंडनला, एक न्यू जर्सीत. साधारण एक शनिवार सोडून एक, आपल्याकडे संध्याकाळी साडेसात, म्हणजे लंडनला दुपारचे दोन आणि न्यू जर्सीत सकाळचे नऊ. खेळ पूर्ण मराठीत, नियम डी अँड डी च्या पाचव्या आवृत्तीचे, जग मात्र आपलं, सह्याद्रीसारखं, घाटवाटा, देवराया, वेताळ, मुंजे सगळं त्यात. बोलायला गुगल मीट, नकाशाला आऊलबेअर रोडिओ, कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचं पान, प्रत्येकाचं आपापल्या पद्धतीने, वहिनींचं वहीत आहे आणि तेच सगळ्यात नीट आहे.

अडचण कुठे येते तर तयारीत. तीन तासांच्या सेशनला माझे चार-पाच तास जातात आणि त्यातला अर्धा वेळ गोष्टीत जात नाही, नकाशा कापा, त्यावर ठेवायची पात्रांची टोकन बनवा, झाकायचं काय उघडायचं काय याच्यात जातो. पैसे टाकून तो वेळ वाचत असेल आणि खेळ चांगला होत असेल तर टाकायला काही हरकत नाही असं माझं मत आहे. पण खरंच वाचतो का ते बघायचंय.

३ जानेवारी, मंगळवार

आज रात्री बसून पर्याय आणि भाव काढले. डॉलर ८२ रुपये धरला.

डी अँड डी बियाँड. डी अँड डी काढणाऱ्या विझार्ड्स कंपनीचीच साईट. फुकटात सहा कॅरेक्टर आणि बेसिक नियम. हीरो नावाचं सबस्क्रिप्शन महिन्याला २.९९ डॉलर, मास्टर नावाचं ५.९९, म्हणजे मास्टर साधारण ४९० रुपये. वर्षाचं एकदम घेतलं तर ५४.९९, साडेचार हजार. आता यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, सबस्क्रिप्शन घेतलं म्हणून पुस्तकं मिळत नाहीत, पुस्तकं वेगळी विकत घ्यायची, प्लेअर्स हँडबुक, खेळाडूंचं नियमपुस्तक, एकटंच २९.९९ डॉलर. मास्टरचा खरा फायदा एवढाच की मी घेतलेली पुस्तकं माझ्या कॅम्पेनमधल्या, म्हणजे या चालू गोष्टीतल्या, सगळ्यांना वापरता येतात. म्हणजे एका टेबलाला एकच मास्टर पुरतो.

रोल२०. नकाशा आणि फाशांसकट ऑनलाइन खेळायचं टूल, हे २०१२ पासून आहे, ब्राउझरमध्ये चालतं. फुकटात १०० एमबी जागा आणि नकाशा हाताने झाकायचं-उघडायचं साधं फॉग. प्लस महिन्याला ४.९९ किंवा वर्षाला ४९.९९, त्यात डायनॅमिक लायटिंग, म्हणजे ज्याच्या पात्राला जेवढं दिसेल तेवढंच त्याच्या स्क्रीनवर. इथेही गेम बनवणाऱ्याने पैसे भरले की बाकीच्यांना काही भरावं लागत नाही.

फाउंड्री. रोल२० सारखंच टूल, हे २०२० ला आलं, सबस्क्रिप्शन नाहीच, एकदाच ५० डॉलर आणि मग आपलं. खेळणारे ब्राउझरमधून येतात, त्यांना लायसन्स लागत नाही. पण सर्व्हर, म्हणजे खेळ ज्या मशीनवर चालतो ते, आपणच चालवायचं.

आऊलबेअर फुकट, हलकं, ते आहेच.

रोल२० प्लसचं एक वर्ष ४९.९९ आणि फाउंड्री कायमचं ५०. एका सेंटचा फरक. त्यामुळे पैशाचा प्रश्न तसा लहान आहे, कष्ट कोण करणार हा मोठा.

अजून एक जाणवलं ते म्हणजे तिन्हीकडे पैसे भरणारा माणूस एकच, डीएम. गेल्या महिन्यात विझार्ड्सच्या अध्यक्ष सिंथिया विल्यम्स गुंतवणूकदारांशी बोलताना म्हणाल्या होत्या की डीएम हे खेळणाऱ्यांमध्ये साधारण २० टक्केच आहेत पण पैसे भरणाऱ्यांत सगळ्यात मोठा वाटा त्यांचाच आहे, आणि हा ब्रँड अजून पुरेसा कमाईला लावलेला नाही. मला यात राग येण्यासारखं काही दिसत नाही, कंपनी आहे, हिशोब करणारच. पण आपल्या टेबलानेही मग आपला हिशोब करायला हवा. जो तयारी करतो त्यानेच पैसेही भरायचे हे बरोबर नाही, हा मुद्दा ग्रुपवर काढायचा.

६ जानेवारी, शुक्रवार

काल रात्री बातमी आली. गिझमोडोने विझार्ड्सच्या नवीन लायसन्सचा फुटलेला मसुदा छापलाय, ओजीएल (ओपन गेम लायसन्स) १.१. जुनं ओजीएल २००० सालापासून आहे, त्याच्या जोरावर बाकीच्या लहानमोठ्या प्रकाशकांनी डी अँड डी च्या नियमांवर पुस्तकं काढली. नवीन मसुद्यात जुनं लायसन्स आता 'अधिकृत नाही' असं म्हटलंय, वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर कमाई असेल तर वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी, आणि ५० हजारांच्या वर असेल तर कमाई कळवायची.

आपल्यासारख्या घरगुती टेबलाला याचा थेट काही त्रास नाही, आपण काही विकत नाही. तरी बियाँडचा निर्णय थांबवला. ज्या कंपनीकडे दरमहा पैसे जाणार ती वीस वर्षांपूर्वी दिलेला शब्द कसा पाळते हे बघून मगच कार्ड काढायचं. घाई नाही.

८ जानेवारी, रविवार

कालचं सेशन आऊलबेअरवरच झालं. मुद्दाम एक चाचणी लावली होती. किल्ल्याच्या भागात जी जागा सगळ्यात महत्त्वाची आहे ती मी राजगडाच्या संजीवनी माचीवरून घेतलीये, दुहेरी तटबंदी, चिलखती बुरूज, आणि दोन तटांच्या मधून जाणारी अरुंद वाट. जे तिथे जाऊन आलेत त्यांना माहितीये की त्या वाटेत पुढचं वळण येईपर्यंतच दिसतं, वर आभाळाची पट्टी आणि दोन्ही बाजूला दगड. शत्रू आत शिरला तर आंधळाच व्हावा असं ते वाटतं. तर ही वाट नकाशावर तशी वाटली पाहिजे, नाहीतर तो भाग खेळण्यात अर्थ नाही.

आऊलबेअरमध्ये फॉगचे तुकडे मी हाताने काढले होते आणि एकेक उघडत गेलो. चालतं, पण एक उघडलं की सगळ्यांना दिसतं. मशाल कोणाकडे आहे, पुढे कोण आहे, मागे कोण राहिलंय याला काही किंमत उरत नाही. मावसभाऊ पुढे गेला आणि त्याला जे दिसलं तेच मागे अंधारात उभ्या असलेल्या ठाणेकरीणलाही दिसलं, आणि ती तिथूनच बाण मारते म्हणाली. नियमाने चूक, पण तिला तरी काय बोलणार, तिच्या स्क्रीनवर समोर दिसतंय की. मी नाही म्हणालो आणि पुढची पंधरा मिनिटं कोणाला काय दिसतंय यावर चर्चा चालू.

साध्या लढाईला आऊलबेअर मला अजूनही सगळ्यात आवडतं. लिंक द्यायची, उघडायचं, खेळायचं. या वाटेसाठी मात्र पुरणार नाही.

१४ जानेवारी, शनिवार

आज भोगी, सेशन नाही. घरी मिश्र भाजी, बाजरीची भाकरी, दुपारी ग्रुप कॉल.

काल विझार्ड्सने बियाँडच्या साईटवर पहिलं उत्तर दिलं, मसुदा मागे घेतोय, रॉयल्टी नसेल वगैरे. त्याआधी दोन-तीन दिवस जगभर लोकांनी बियाँडचं सबस्क्रिप्शन रद्द करायचा सपाटा लावला होता, कारण कंपनीला कळेल अशी भाषा तीच एक आहे असं सगळ्यांचं म्हणणं. पाथफाइंडर हा अशाच जातीचा खेळ काढणाऱ्या पायझो कंपनीने १२ तारखेला स्वतःचं वेगळं खुलं लायसन्स काढायची घोषणा केली.

कॉलवर लंडनकर म्हणाला मी माझं हीरो सबस्क्रिप्शन बंद केलं. तो दुसऱ्या एका इंग्लिश टेबलावरही खेळतो, तिथे सगळ्यांनीच केलं म्हणे. वहिनी म्हणाल्या, "भावजी, आपण अजून काही घेतलंच नाहीये तर बंद काय करणार, पण पुस्तकं त्यांच्या साईटवर घेऊन ठेवली आणि उद्या त्यांनी काही बदललं तर आपल्या हातात काय राहतं ते मला आधी सांगा." प्रश्न एकदम बरोबर. तोच या वहीच्या पहिल्या पानावर लिहिला, पैसे थांबले की हातात काय उरतं.

त्या प्रश्नाने तिन्ही तपासले. बियाँडवर विकत घेतलेली पुस्तकं सबस्क्रिप्शन थांबलं तरी माझ्या खात्यात दिसत राहतील पण बाकीच्यांना वाटता येणार नाहीत, आणि सगळं त्यांच्या साईटवरच. रोल२० वर नकाशे राहतात, लायटिंग बंद. फाउंड्रीत सगळं माझ्या डिस्कवर, एका फोल्डरमध्ये, पेन ड्राइव्हवर टाकून ठेवता येतं.

२० जानेवारी, शुक्रवार

आता ओजीएल १.२ चा मसुदा आलाय आणि त्याच्यासोबत व्हर्च्युअल टेबलटॉपसाठी, म्हणजे रोल२०, फाउंड्रीसारख्या टूलसाठी, वेगळं धोरण. हे मात्र थेट आपल्या प्रश्नात येतं म्हणून नीट वाचलं. म्हणणं असं की टेबलाभोवती बसून खेळल्याचा अनुभव ऑनलाइन आणला तर चालेल पण व्हिडिओ गेमसारखं काही केलं तर नाही. उदाहरण मॅजिक मिसाइलचं दिलंय. तो मंत्र मारल्यावर स्क्रीनवर बाण सुटताना दाखवायची ॲनिमेशन चालणार नाही म्हणे, कारण ते टेबलावर होत नाही, ते तुम्ही मनात कल्पना करता.

माझा स्वतःचा कल ॲनिमेशनकडे नाहीये, मला आवाज आणि वर्णन जास्त आवडतं. पण टूल बनवणाऱ्याने टोकनभोवती काय नाचवायचं आणि काय नाही हे नियमांचं पुस्तक छापणाऱ्याने ठरवायचं हे काही पटत नाही. शिवाय अंधारात मशालीपुरतंच दिसणं हे टेबलावर तरी कुठे होतं, उद्या त्याच्यावरही कोणी बोट ठेवलं तर. लोकांची मतं मागवलीयेत, सर्व्हे आहे. मी भरला, लंडनकराने भरला, वहिनींनी पण भरला.

२८ जानेवारी, शनिवार

काल रात्री उशिरा निर्णय आला आणि चांगला आला. सर्व्हेला १५ हजारांच्या वर उत्तरं आली, ८८ टक्के लोक म्हणाले १.२ खाली काही छापायची इच्छा नाही, ८९ टक्के जुनं लायसन्स काढून घेण्यावर नाराज. विझार्ड्सने जुनं लायसन्स, ओजीएल १.०अ, आहे तसं ठेवलं आणि त्याच्यापुढे जाऊन एसआरडी ५.१, म्हणजे नियमांचा गाभा, चारशे पानांचं, क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन ४.० खाली टाकून दिलं. हे लायसन्स परत घेता येत नाही. एकदा दिलं ते दिलं.

पीडीएफ लगेच उतरवून ड्राइव्हवर ठेवली आणि सकाळी चाळली, आपल्याला नेमकं काय कमी पडतंय ते बघायला. सगळे बारा क्लास (पात्राचा पेशा) आहेत पण प्रत्येकाचा सबक्लास (त्यातली शाखा) एकच. फीट (पात्राचं खास कसब) एकच, ग्रॅपलर. बॅकग्राउंड (पात्राची पार्श्वभूमी) एकच, अकोलाइट. मंत्र भरपूर. राक्षसांमध्ये बिहोल्डर वगैरे कंपनीचे खास प्राणी नाहीत, पण आपल्याला ते कशाला लागणार. आपल्या मुंज्याला स्पेक्टर नावाच्या भुताचे आकडे चालतात, वेताळाला रेथ नावाच्या भुताचे, आणि रक्षसा तर एसआरडीत त्याच नावाने बसलाय. बॅकग्राउंड आपण आपलीच लिहिलीयेत, धनगर, वाणी, कारकून, किल्ल्यावरचा हवालदार, ती छापील पुस्तकात कधीच मिळाली नसती.

मावसभावाकडे प्लेअर्स हँडबुकची छापील प्रत आहे. सबक्लाससाठी तेवढी पुरते.

निर्णय क्रमांक एक: डी अँड डी बियाँडचं सबस्क्रिप्शन घ्यायचं नाही. रागाने नाही, ज्यासाठी घेणार होतो ते आता उघडं आणि कायमचं मिळालंय, आणि राहिलेल्यासाठी दर महिन्याला पाचशे रुपये जास्त आहेत. ज्यांच्या टेबलावर दर महिन्याला नवीन पुस्तक लागतं आणि सात-आठ जण आहेत त्यांना मास्टर परवडेल, त्यांचं गणित वेगळं.

संध्याकाळचं सेशन होतं पण पहिला अर्धा तास याच गप्पा.

४ फेब्रुवारी, शनिवार

रोल२० प्लस एक महिन्यासाठी घेतलं. वर्षाचं नाही, आधी बघायचंय.

पैसे भरायचा भाग लिहून ठेवतो कारण कोणाला तरी उपयोग होईल. डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावे लागतात. केले. पैसे गेले. पण ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की दर महिन्याला आपोआप कापायचं असेल तर कार्डावर ई-मँडेट, म्हणजे त्यासाठी आधी दिलेली परवानगी, नोंदलेलं हवं आणि कापायच्या २४ तास आधी बँकेने कळवायचं. कित्येक परदेशी साईट्सचं हे आपल्या बँकांशी जुळलेलंच नाही, त्यामुळे पुढच्या महिन्याचं आपोआप जाईल याची खात्री नाही. मला तसंही हवंय की आपणहून भरल्याशिवाय जाऊ नये. जे वर्षभराचं चालू ठेवणारेत त्यांनी मात्र बँकेत आधी विचारून घ्या.

वर ४.९९ दिसतं तेवढंच जात नाही. बँकेचा फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकी चलनासाठीचं जादा शुल्क, माझ्या कार्डाला साडेतीन टक्के, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. लहान रकमेवर किरकोळ आहे पण हिशोबात धरायचं.

१२ फेब्रुवारी, रविवार

कालचं सेशन रोल२० वर, डायनॅमिक लायटिंगसह. ही नोंद मोठी होणार.

आधी तयारी. लायटिंग चालू केली म्हणजे झालं असं नाही, भिंती आपण काढायच्या. नकाशावर वेगळ्या थरावर तटाच्या कडेने रेघा ओढत जायचं, प्रत्येक वळणावर क्लिक. चिलखती बुरुजाचा गोल भाग काढायला लहान लहान तुकडे करावे लागतात नाहीतर कोपऱ्यातून उजेड गळतो आणि पलीकडचं दिसतं. एका चौकोनाला ७० पिक्सेल हे रोल२० चं माप, माझा नकाशा त्या मापाने परत काढून घेतला. गुरुवारची पूर्ण संध्याकाळ गेली. म्हणजे वेळ वाचला का? नाही. हे स्पष्ट लिहितो, पैसे भरून तयारीचा वेळ वाचेल ही माझी जानेवारीतली अपेक्षा या टूलने पुरी झाली नाही.

पण खेळ. पाचव्या आवृत्तीत मशालीचा उजेड २० फूट लख्ख आणि पुढे २० फूट मंद. एक चौकोन ५ फुटांचा. मशाल वहिनींच्या पात्राकडे होती. त्या वाटेत शिरल्या तसं त्यांच्या पुढे चार चौकोन दगड उजळले, मग चार चौकोन धुरकट, आणि वळणाच्या पलीकडे काळं. मावसभावाचं पात्र एल्फ, त्याला अंधारात ६० फुटांपर्यंत दिसतं, तो म्हणाला मी पुढे होतो. गेला. आणि ठाणेकरीण, जिचं पात्र माणूस आणि जिने मशाल घेतलेली नाही, ती वळणाच्या अलीकडे राहिली आणि तिची स्क्रीन पूर्ण काळी. खरोखर काळी. ती मीटवर म्हणाली, "अगं वहिनी मला काहीच दिसत नाहीये, मशाल जरा मागे कर." वहिनी म्हणाल्या मागे केली तर पुढे दिसणार नाही. मग पाचही जण मशाल कुठे धरायची, कोण कोणाच्या मागे, दोरी बांधायची का यावर बोलायला लागले, आणि मी काहीही न बोलता बसून ऐकत होतो. दगडाच्या त्या वाटेने स्वतःचं काम केलं. मागच्या महिन्यात कोणाला काय दिसतंय याचं भांडण झालं होतं, काल त्याचाच खेळ झाला.

हे मला फुकटात मिळालं नव्हतं. यासाठी पैसे द्यायला मी तयार आहे.

त्रास काय झाला. मावसभावाचा जुना लॅपटॉप, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, पंखा जोरात फिरायला लागला आणि टोकन अडकत अडकत सरकत होतं. ब्राउझरचं हार्डवेअर ॲक्सेलरेशन नावाचं सेटिंग बंद होतं, ते चालू केल्यावर बरंच सुधारलं. न्यू जर्सीकराला काही नाही, लंडनकराला काही नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार

काल महाशिवरात्र, तसंही सेशन नव्हतं. लंडनकराने त्याच्या दुसऱ्या टेबलाची फाउंड्री दाखवली, स्क्रीन शेअर करून तासभर. भिंती तिथेही हातानेच काढायच्या, पण दार ही वेगळी गोष्ट आहे, क्लिक केलं की उघडतं आणि उजेड बाहेर पडतो, कुलूप लावता येतं, गुप्त दारही करता येतं. दिंडीदरवाजासाठी हे फार उपयोगी. भिंती काढायचा वेग मला रोल२० पेक्षा बरा वाटला, कंट्रोल दाबून ठेवलं की रेघेला रेघ जोडत जाते.

२६ फेब्रुवारी, रविवार

फाउंड्रीचा सर्व्हर साताऱ्यातून चालेल का हे विकत घ्यायच्या आधी तपासायचं होतं. त्याला ३०००० नंबरचा पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायची वाट, बाहेरून उघडा लागतो. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघितला तर १०० ने सुरू होणारा, आणि बाहेरची साईट माझा आयपी वेगळाच सांगते. याचा अर्थ सीजीनॅट, म्हणजे कंपनीने अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय आणि माझ्या राउटरवर पोर्ट उघडून काही उपयोग नाही. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते याच कामासाठी राखून ठेवलेत. आपल्याकडच्या घरगुती फायबरवाल्या बऱ्याच जणांचं असंच असणार, म्हणून फाउंड्री घ्यायच्या आधी हे दोन आकडे जुळवून बघाच.

वाटा तरी कोणत्या. स्टॅटिक आयपी, म्हणजे आपला कायमचा बाहेरचा पत्ता, मागायचा, त्याचे महिन्याला वेगळे पैसे, म्हणजे परत सबस्क्रिप्शनच. टेलस्केलसारखं सगळ्यांची मशीन खासगी नेटवर्कने जोडणारं काही, पण मग ते सगळ्यांनी आपापल्या मशीनवर टाकायचं. क्लाउडफ्लेअरचा टनेल, म्हणजे त्यांच्यामार्फत आत यायची वाट. किंवा दुसऱ्याच्या घरी सर्व्हर. हॉस्टिंग देणाऱ्या कंपन्याही आहेत, त्यांचंही मासिक भाडं.

न्यू जर्सीकर म्हणाला, "माझ्याकडे रास्पबेरी पाय, तो छोटा कॉम्प्युटर, नुसता पडलाय, माझ्या घरी पोर्ट उघडतो, मी लावून देतो." साताऱ्यातून तिकडे पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायचा वेळ, अडीचशे मिलिसेकंदांच्या आसपास येतो. गोळीबाराच्या गेमला हे चाललं नसतं पण आपण एकेकाची पाळी येणारा खेळ खेळतो, टोकन पाव सेकंदाने सरकलं तर कोणाला कळतही नाही. शिवाय आमच्याकडे वीज गेली तरी टेबल चालू राहील, मी फोनवरून बोलत राहीन.

५ मार्च, रविवार

हिशोब आणि निर्णय.

आमची कॅम्पेन याच वेगाने चालली तर अजून वर्षभर तरी संपत नाही. रोल२० प्लस वर्षाला ४९.९९, आणि पुढच्या वर्षी परत तेवढेच. महिन्या-महिन्याने घेतलं, फक्त लढाईच्या महिन्यांत, तर स्वस्त पडेल, आणि ज्यांच्याकडे सर्व्हर लावून देणारा मित्र नाही त्यांना मी हेच सुचवेन, मनापासून. पैसे भरा, नकाशे टाका, खेळा, नको त्या महिन्यात थांबवा. सरळ काम आहे, आणि ब्राउझरशिवाय काही लागत नाही.

आमच्याकडे तो मित्र आहे. आणि वहिनींच्या प्रश्नाला फाउंड्रीचं उत्तर सगळ्यात चांगलं आहे, उद्या कंपनी बंद पडली, भाव वाढला, धोरण बदललं, तरी भिंती काढलेला किल्ला माझ्या डिस्कवर आहे. जानेवारीत जे झालं त्यानंतर मला हे महत्त्वाचं वाटायला लागलंय. त्या नकाशावर माझ्या संध्याकाळी गेल्यात, ते दर महिन्याच्या भाड्यावर ठेवायचे नाहीत.

निर्णय क्रमांक दोन: फाउंड्री घ्यायचं. साध्या लढाईला आऊलबेअर चालू ठेवायचं, सगळं एकाच टूलमध्ये कोंबायची गरज नाही.

पैसे कोणी भरायचे हा मुद्दा मीच काढला, सहा जणांत वाटू म्हणालो. वहिनींनी तिथल्या तिथे मोडून काढला, "भावजी, तुम्ही वेळ देता तो कोण मोजतंय. पाच जण खेळतो, पाच जणांत वाटायचं, तुम्ही एक रुपया द्यायचा नाही." बाकीच्यांनी लगेच होकार दिला. प्रत्येकी १० डॉलर, ८२० रुपये. मला खरंच बरं वाटलं. डीएम असणाऱ्या कोणाला हे वाचून आपल्या टेबलावर विषय काढावासा वाटला तर जरूर काढा, लोक नाही म्हणत नाहीत, त्यांना फक्त कोणी विचारलेलं नसतं.

१० मार्च, शुक्रवार

न्यू जर्सीकराने त्याच्या तिकडच्या कार्डाने ५० डॉलर भरले, म्हणजे फॉरेक्स मार्कअपही नाही आणि ओटीपीची वाट बघणंही नाही. लायसन्सची की मला पाठवली. पुण्याचे दोघं आणि ठाणेकरीण यांनी आपापले ८२० रुपये सांगलीला त्याच्या आईच्या नंबरवर जीपे केले. काकूंचा मला फोन, "अरे तिघांचे सारखेच पैसे आलेत, कसली वर्गणी आहे?" त्यांना सगळं सांगितलं, किल्ला, मशाल, काळी स्क्रीन. त्या म्हणाल्या त्याला सांग शनिवारी सकाळी खेळायला उठतो तसा रविवारी मला फोन करायलाही उठ. निरोप दिलाय.

१९ मार्च, रविवार

काल फाउंड्रीवर पहिलं सेशन. अमेरिकेत १२ तारखेला घड्याळ पुढे गेलं म्हणून न्यू जर्सीकराचे आता दहा वाजतात, लंडनचे अजून दोनच, तिकडे २६ ला बदलेल. वेळा ग्रुपवर पिन केल्यात.

लॉगिन सगळ्यांचं झालं. नकाशा पीएनजीमधून वेबपीत बदलून घेतल्यामुळे ठाणेकरीणला मोबाईलच्या नेटवरही पटकन उघडला. दिंडीदरवाजा मी कुलूप लावून ठेवला होता. मावसभावाने दोन फासे टाकून चावीची वाट लावली आणि मग धक्का मारून उघडला, तसा आतला पलित्याचा उजेड वाटेवर एकदम पसरला आणि सगळ्यांना सगळे दिसले, शत्रूला पण. लंडनकर ओरडला, "दार लाव, दार लाव!" लावायला मिळालं नाही कारण इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईतला पाळीचा क्रम, सुरू झाला होता.

मावसभावाच्या लॅपटॉपवर फाउंड्री रोल२० पेक्षा जड जाते, हा एक तोटा नोंदवून ठेवतो. सेटिंगमध्ये परफॉर्मन्स मोड खाली आणून आणि उजेडाची ॲनिमेशन बंद करून भागलं. ज्यांच्या टेबलावर दोन-तीन जुनी मशीन असतील त्यांनी हे आधी बघावं.

२२ मार्च, बुधवार, गुढीपाडवा

ठरलेल्या मुदतीत झालं. रोल२० प्लस फेब्रुवारीपुरतंच होतं, ४ मार्चच्या आत रद्द केलं होतं, पुढचे पैसे कापले गेले नाहीत याची आज बँकेत खात्री केली. तिथले नकाशे उतरवून घेतलेत.

राहिलेली कामं. रास्पबेरी पायवरच्या वर्ल्ड फोल्डरचा, म्हणजे आपल्या खेळाच्या सगळ्या फाइलींचा, बॅकअप दर सेशननंतर माझ्या ड्राइव्हवर, न्यू जर्सीकर स्क्रिप्ट लिहितोय. बालेकिल्ल्याच्या भिंती काढायच्या, यावेळी ठाणेकरीण म्हणाली मी काढते मला शिकव, तिला डीएमचं दुसरं लॉगिन करून द्यायचं, पण रिकाम्या वर्ल्डमध्ये, नाहीतर पुढचं सगळं दिसेल. १ एप्रिलच्या सेशनला लंडनचे तीन वाजतील. वहिनींचं शीट अजून वहीतच आहे आणि ते तसंच राहणारे, त्याचा फोटो काढून फाउंड्रीत जर्नलला लावलाय.